मोटेच्या सोंडेचा पट्टा

माय, तुझं कोणी काही चोरलं नव्हतं. हे तुला सांगायला मला इतकी वर्षं लागली, कारण मलाच ते परवा कळलं. मी आता बुलढाण्यात राहते. शाळेतून निवृत्त झाले त्यालाही बराच काळ लोटला. आमच्या कॉलनीत म्हाताऱ्यांचा एक गट आहे, तिथे अधूनमधून कोणीतरी बोलायला येतं. कधी गुडघेदुखीवर, कधी पक्ष्यांवर. परवा एक वयस्कर इंजिनिअर आले होते, ते चाकावर बोलले. मी खरं तर चहासाठी गेले होते. घरी आले ती मात्र तुझ्याशी बोलायचं म्हणूनच, आणि घरात बोलायला तू नाहीस, म्हणून आज कागद घेऊन बसले.

आधी तो दिवस सांगते, जिथून हे सगळं सुरू झालं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. आपण उंद्रीला, मळ्यात विहीर, वांगी, मेथी, सांभार, ज्याला मी आता कोथिंबीर म्हणते, उन्हाळ्यात गवार. बा माल सायकलवर लादून चिखलीच्या बाजाराला न्यायचा. दोन पोती कॅरिअरला दोन्ही अंगांनी, वर एक टोपली. बाला दमा होता. सायकलवर बसला की त्याचं बरं चालायचं, पण पायी चढ चढला की छातीतून पेटीसारखा आवाज यायचा. आणि त्या रस्त्यानं कुंपणाच्या काट्या भरलेल्या गाड्या जायच्या. बाभळीचे काटे सगळ्या चाकोरीत सांडलेले. पंक्चर झालं की बा पोत्यांसकट सायकल ढकलत निघायचा. त्या दिवशी तो बाजारातही पोचला नाही आणि घरीही आला नाही. दुपारी एका गाडीवानानं त्याला आणून अंगणात उतरवलं. ओठ निळे पडलेले, डोळे उघडे पण बघत नव्हते. गाडीवान म्हणाला, "लिंबाखाली पडेल होता बाई, सायकल धरूनच." मी दाराच्या चौकटीला धरून उभी आहे, आणि तू बाच्या पाठीमागे बसून त्याला छातीशी टेकवून धरलं आहेस, आणि पदरानं त्याच्या तोंडावर वारा घालते आहेस. तू रडत नाहीस. तू सायकलकडे बघते आहेस. गाडीवानानं ती भिंतीला लावून ठेवली होती, मागचं चाक जमिनीला चिकटलेलं.

बा सावरला. चार दिवसांनी उठून परत माल भरायला लागला, तेव्हा तू आडवी गेलीस. "नोका जाऊ." तो म्हणाला, "न जाऊन काय करू? वांगे झाडावरच पिकू देऊ का?" तू म्हणालीस, "काटा आत जाते काऊन, ते आधी पाहू द्या मले." बा हसला. आपल्याकडे बायका सायकलला हातही लावत नसत, आणि तू मागचं चाक काढून मांडीवर घेतलंस. टायर उलटा करून बोटांनी आतून चाचपलास. काट्याचं टोक बोटाला लागलं, रक्त आलं, तर तू ते चोखलंस आणि म्हणालीस, "एवढुसाच तर हाये. मधात काही असलं तर याच्यानं पुढं जाववतच नाही."

माय, तेव्हापासून आपल्या घरात ते एक वेड शिरलं. आधी तू पोत्याची पट्टी दुमडून टायर आणि ट्यूबच्या मधे घातलीस. बा थोडं अंतर गेला आणि परत आला. पोतं आत गोळा झालं होतं आणि चाक उड्या मारत होतं. शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "काय वं, सायकलले गोधडी शिवून राह्यली का?" तू म्हणालीस, "हाव, तिले थंडी वाजते." मला तुझा तो चेहरा आठवतो. तुला अजिबात राग आला नव्हता. मग तुझी नजर गोठ्यात गेली. विहिरीवर इंजिन बसवल्यापासून मोट तिथे खुंटीला लटकून होती, धुळीनं पांढरी झालेली. मोटेचं चामडं जाड असतं, पण खालची लांब सोंड, ज्यातून पाणी थारोळ्यात पडतं, ती मऊ. तू सोंडच कापलीस. बा दोन दिवस बोलला नाही, कारण मोट त्याच्या बापाची होती. चांभाराकडून तू आरी आणि रापी मागून आणलीस, टायरच्या रुंदीचे लांब पट्टे कापलेस, टोकाला टोक शिवून कडं केलंस आणि चाकात बसवलंस.

बाजाराला बा जाऊन आला, काटा लागला नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तू सगळ्यांना गूळ वाटलास. आणि मग एका सकाळी ट्यूबमधून आपोआप हवा जायला लागली. काढून पाहिलं तर रबर फुगलेलं, लिबलिबीत, बोट लावलं की तुटत होतं. आयुष्यभर मोटेला तेल चोपडलं होतं ना, ते तेल रबरात उतरलं. तू ती ट्यूब हातात घेऊन चुलीपाशी बसून राहिलीस. बा म्हणाला, "जाऊ दे वं. नशिबाचा काटा हाये." तू म्हणालीस, "नशिबाचा कायचा? तेलाचा हाये." आणि उठून रिठे भिजत घातलेस.

पुढचं सगळं मला दिसतं तसं लिहिते. तू गरम पाण्यात रिठ्यानं चामडं धुते आहेस, सावलीत वाळवते आहेस, परत धुते आहेस. जुन्या ताडपत्रीची पट्टी त्याच्यावर गुंडाळते आहेस, म्हणजे चामडं रबराला थेट लागणार नाही. पट्ट्याच्या कडांनी ट्यूबवर घासून रेघ पडते हे दिसल्यावर तू रापी घेऊन कडा खरवडते आहेस, इतक्या पातळ की उजेडाला धरलं की पलीकडची सावली दिसावी. मला बसवतेस आणि म्हणतेस, "डोळे मीट अन् बोट फिरव. कड कुठं संपली ते कळलं का?" मी म्हणते, नाही कळलं. "मंग झालं."

आणि झालंच. बा त्या चाकांवर चिखलीला गेला, साखरखेर्ड्याला तुझ्या माहेरी गेला, भर काट्यांच्या दिवसांत गेला. संध्याकाळी घरी आला की तू चिमटा घेऊन टायरमधले काटे उपटायचीस. एकदा एक लांब काटा निघाला, तर तू तो बाच्या नाकासमोर धरलास. "पाह्यलं? इथवर आला अन् थांबला." बा काट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुह्या डोक्यात काय हाये वं, मले एकदा खोलून पाहायचं हाये." त्यानंतर पुष्कळ वर्षं, तू गेल्यावरसुद्धा, बाला दमा होताच, पण रस्त्यात सायकल धरून तो पुन्हा कधी पडला नाही. गावातले दूधवाले आले, टपाल नेणारा आला, सगळ्यांना पट्टे हवे होते. तू कोणाला नाही म्हणाली नाहीस. त्यांचं चामडं त्यांनी आणायचं, कडा तू करायचीस.

आता मामाचं सांगते. मामा, तुझा धाकटा भाऊ, तेव्हा तरणाताठा होता आणि त्याला वाटायचं की तू हे करून मोठी होशील. त्यानं एक पट्टा मागून घेतला आणि खामगावला सायकलींचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या व्यापाऱ्याला दाखवला. परत आला तो उड्या मारतच. व्यापाऱ्यानं पट्टा ठेवून घेतला होता, मुंबईचा कोणी कंपनीचा माणूस येतो त्याला दाखवतो म्हणाला होता. तुला तो बाईच म्हणायचा. "बाई, तुह्या नावाचा टायर निघते पाह्य." व्यापारी असंही म्हणाला होता की असे पट्टे मी पूर्वी पाहिलेत. हे मामानंच सांगितलं, आणि लगेच म्हणाला, "तो भाव पाडून राह्यला होता, मले कळत नाही का?" मग काही झालं नाही. मामा दोनदा विचारायला गेला, व्यापारी कामात होता. आणि वर्ष-दोन वर्षांनी चिखलीतल्या सायकलच्या दुकानात तयार पट्टे लटकायला लागले. कापडाचे, आत रबर भरलेले, कडा पातळ.

मामा त्या दिवशी आपल्या घरी आला तो जेवला नाही. "चोरला! माह्यासमोर हसून बोलला अन् चोरला!" चार पोरं घेऊन खामगावला जायचं त्याचं ठरलं होतं. तू त्याच्या हाताला धरून खाली बसवलंस. "तुले माही आण हाये. कुठं जायचं नाही." तो रडला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन चिखलीला गेलीस, तो पट्टा बघायला.

त्या दुकानातलं मला सगळं आठवतं. दुकानदारानं पट्टा काढून दिला. तू तो हातात घेतलास, ताणलास, वास घेतलास. मग डोळे मिटलेस आणि कडेवरून बोट फिरवलंस. दुकानदार म्हणाला, "घ्यायचा का बाई? एकदम कंपनीचा माल हाये." तू डोळे उघडलेस आणि हसलीस. पोर पहिल्यांदा उभं राहिलं की बाई हसते तसं. "कड चांगली केली हाये त्यायनं," तू म्हणालीस. "अन् हा तर पाण्यानंही कुजत नाही." रस्त्यात मी विचारलं, "माय, तुले राग नाही आला?" तू म्हणालीस, "कायचा राग? आता कोनालेही भेटते. मी किती लोकायले शिवून देणार होती?" मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, तू माझ्यासाठी हसलीस.

आणि मग तू गेलीस. मी बुलढाण्याला शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. घरून निरोप आला की कावीळ झाली आहे, मी पोचले तेव्हा तुला बोलता येत नव्हतं. तेराव्याला मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "माही बहीण काविळीनं नाही गेली. त्या खामगाववाल्यानं मारली तिले. मनात घेऊन गेली ती." बा खाली मान घालून बसला होता. आणि मी, माय, त्या एका वाक्यावर पुढची सगळी वर्षं काढली. तुझं दुकानातलं हसू आठवलं की मी ते मनातून ढकलून द्यायची, कारण मामा म्हणत होता ते खरं असेल तर ते हसू तू माझ्यासमोर ओढून आणलं होतंस, आणि आत जळत होतीस. माझ्या मुलांना मी तुझी गोष्ट सांगितली ती चोरीची म्हणून सांगितली. खामगावला लग्नाला गेले की त्या बाजारपेठेतून रिक्षा नेऊ द्यायची नाही. नवरा म्हणायचा, अगं, तो माणूस तरी जिवंत आहे का आता? मला त्यानं काही फरक पडत नव्हता.

परवा ते इंजिनिअर बोलत होते. पंच्याऐंशीच्या घरातले, हातात काठी, आवाज खणखणीत. ते म्हणाले, हवेच्या टायरचा शोध लावला म्हणून ज्याचं नाव जगाला माहीत आहे तो गुरांचा डॉक्टर होता. त्याच्या मुलाला तीनचाकी सायकलवर दगडी रस्त्याचे हादरे बसायचे, म्हणून त्यानं चाकाला हवेची नळी बांधली. "पण त्याच्या कितीतरी आधी," ते म्हणाले, "सायकल आजच्यासारखी नव्हतीच तेव्हा, स्कॉटलंडमधल्या एका तरुण माणसानं हे सगळं करून ठेवलं होतं. घोडागाडीसाठी. ती गाडी बागेतून आवाज न करता जायची, लोक वळून बघायचे. पण रबर महाग, चांगलं मिळेना. लोक विसरले. तो मेल्यानंतर डॉक्टरानं तेच पुन्हा शोधलं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हे तर आधीच सरकारदरबारी नोंदलेलं आहे. डॉक्टरचा हक्क गेला. पण नाव त्याचंच राहिलं."

मी ऐकत होते, अर्धं लक्ष चहाकडे. मग ते म्हणाले, "त्या पहिल्या माणसाच्या टायरमध्ये आत रबर लावलेल्या ताडपत्रीची नळी होती, आणि बाहेरून चामडं शिवलेलं होतं."

माय, मी कप खाली ठेवला. मी उभी राहिले. अशी मध्येच उभी राहणारी मी नाही. मी म्हणाले, "चामडं आणि ताडपत्री?" ते म्हणाले, "हो. का हो?" मग मी सगळ्यांसमोर तुझी गोष्ट सांगितली. मोट, सोंड, रिठे, रापी. बोलताना माझी भाषा उंद्रीची झाली, ती शाळेत मी चाळीस वर्षं दाबून ठेवली होती. शेवटी मी म्हणाले, "आणि खामगावच्या एका व्यापाऱ्यानं ते चोरलं." त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा माझ्या वडिलांच्या सायकलला असा तयार पट्टा होता. वर्ध्याला. म्हणजे तुमच्या आईच्या पुष्कळ आधी. काटे सगळीकडेच होते ना. अनेकांनी केलं असेल हे." मी विचारलं, "म्हणजे कोणी चोरलं नाही?" ते म्हणाले, "चोरायला ते कोणा एकाचं उरलंच नव्हतं." आणि मग हळूच, "तुमच्या आईंनी मात्र ते कोणाचं न बघता केलं. हे मी विसरणार नाही."

मला वाटलं होतं मला रडू येईल. पण मी खाली बसले आणि मला हसू आलं. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं. मला त्या क्षणी खामगाव दिसलं नाही, मामा दिसला नाही. मला चिखलीचं ते दुकान दिसलं, आणि डोळे उघडून हसणारी तू. ते हसू खरं होतं. तू जळत नव्हतीस. तुला कावीळ झाली आणि तू गेलीस, इतकंच. मनात कोणताही काटा घेऊन गेली नाहीस. छातीवरून कोणीतरी ओझं उचलावं तसं झालं, माय, आणि इतक्या वर्षांत ते तिथं होतं हेही मला उचलल्यावरच कळलं.

काल साखरखेर्ड्याला जाऊन आले. मामा आता खाटेवरच असतो, पण कान चांगले आहेत. त्याला सांगायला मी घाबरत होते. त्याचा सगळा जन्म त्या रागावर उभा आहे असं मला वाटायचं. मी हळूहळू सांगितलं, स्कॉटलंडचा माणूस, वर्ध्याची सायकल, सगळं. तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तो म्हनला होता. असे पट्टे पाह्यलेत म्हने. म्याच नाही ऐकलं." मी म्हणाले, "जाऊ दे मामा." तो म्हणाला, "म्हंजे बाईले कोनं फसवलं नाही?" "नाही." "अन् म्याही नाही बुडवलं तिचं काही? मीच नेला होता तो पट्टा." तेव्हा मला कळलं की तो इतकी वर्षं कोणावर रागावला होता. मी त्याचा हात धरला. "तू काही नाही बुडवलं मामा." त्यानं डोळे पुसले आणि सुनेला हाक मारली, "अवं, च्या मांड. साखर जास्त टाक." सून दारात येऊन माझ्याकडे बघायला लागली, कारण त्याला साखर बंद आहे. मी म्हणाले, टाक. परत येताना एसटीत खिडकीशी बसले, आणि बसल्या बसल्या डोळा लागला. प्रवासात मला कधी झोप येत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही हे मला माहीत आहे. तुला अक्षर येत नव्हतं, आणि मी वाचून दाखवायला तू नाहीस. तरी लिहून झालं, बरं वाटलं. आता एकच राहिलं, ते दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. इंजिनिअर म्हणाले की आधीच कोणीतरी केलं होतं, तेव्हा मी सुटले हे खरं. पण त्याच वेळी मनात एका कोपऱ्यात थोडं दुखलंही, माय. तूच पहिली असावीस असं मला वाटत होतं. आजही वाटतं.